ॲगर की केअर: एका डॅनिश स्टॉपरची निवड करताना

रविवारी सकाळी मी ज्या मुलांना फुटबॉल शिकवतो, त्यांच्यापैकी दोघे स्टॉपर म्हणून, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी, खेळतात. तीन वर्षांपूर्वी त्या दोघांना नमुना म्हणून एकाच खेळाडूची कारकीर्द नेमून द्यायची, असे मी ठरवले. एकाचीच, कारण दहा जणांच्या खेळाचे निवडक तुकडे पाहून मुले फक्त टाळ्या वाजवायला शिकतात. बरीच चाळणी लावल्यावर दोन नावे उरली आणि दोन्ही डेन्मार्कची होती: डॅनियल ॲगर आणि सिमोन केअर. ज्यांना स्वतःसाठी, मुलासाठी किंवा संघासाठी अशीच निवड करायची आहे, त्यांना माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. दोघांची उंची, वजन आणि बक्षिसांची यादी कोणालाही मिनिटभरात सापडते, म्हणून ती मी येथे देत नाही.

डेन्मार्कच का, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की फार मोठ्या संघाचा स्टॉपर शिकण्याच्या दृष्टीने सोयीचा नसतो. चेंडू बहुतेक वेळ त्याच्याच संघाकडे असल्यामुळे अर्धा सामना तो मध्यरेषेजवळ कमरेवर हात ठेवून उभा असतो. ६० लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या डेन्मार्कचा संघ हॉलंड, जर्मनी किंवा इंग्लंडसमोर उतरतो, तेव्हा त्याच्या मधल्या दोघांना पहिल्या मिनिटापासून काम असते. शिवाय डेन्मार्कचा स्टॉपर केवळ चेंडू बाहेर फटकावणारा नसतो. ॲगर आणि केअर या दोघांनाही राष्ट्रीय संघात खेळवणारे प्रशिक्षक मोर्टेन ओल्सेन स्वतः बचावपटू होते, देशासाठी १०२ सामने खेळले होते, आणि चेंडू मागून नीट खेळवत पुढे न्यावा याबद्दल त्यांचा आग्रह सर्वांना माहीत होता. आंद्रेआस क्रिस्टेन्सन हे तिसरे नावही मला सुचवण्यात आले होते. तो उत्तम आहे, परंतु मी निवड केली तेव्हा त्याची कारकीर्द अर्ध्यावर होती, आणि मला सुरुवातीपासून शेवटापर्यंत दाखवता येईल अशी गोष्ट हवी होती.

ॲगरपासून सुरुवात करतो, कारण मनाने मी आधी त्याचाच होतो.

कोपनहेगनजवळच्या व्हिडोव्हरे येथे जन्मलेला हा मुलगा ब्रॉन्डबी क्लबच्या पहिल्या संघात २००४ साली आला. प्रशिक्षक मायकेल लाउड्रुपच्या हाताखाली पहिल्याच मोसमात त्याने लीग आणि कप दोन्ही जिंकले आणि २००६ च्या जानेवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो लिव्हरपूलला गेला. त्याच वर्षीच्या २६ ऑगस्टला वेस्ट हॅमविरुद्ध त्याने सुमारे ३० यार्डांवरून डाव्या पायाने मारलेला गोल ज्यांनी त्या वेळी पाहिला, त्यांना तो कसा होता हे सांगावे लागत नाही. मात्र त्या गोलात मला आवडते ती गोष्ट फटक्याच्या आधीची आहे. चेंडू मिळाल्यावर तो दोन पावले पुढे येतो, समोरचा खेळाडू अंगावर येईल म्हणून थांबून पाहतो, तो येत नाही हे लक्षात येताच आणखी पुढे येतो, आणि मग मारतो. बहुतेक बचावपटूंना अशी मोकळी जागा दिली की ते ती दुसऱ्याला देऊन टाकतात. ॲगरला ती वापरावीशी वाटे.

१ मे २००७ च्या चॅम्पियन्स लीगमधील चेल्सीविरुद्धच्या उपांत्य सामन्याचीही तीच कथा. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि मी आवाज बंद करून पाहत होतो, कारण घरात सगळे झोपले होते. जेरार्डने फ्री किक गोलसमोर उंच टाकण्याऐवजी जमिनीलगत मागे सरकवली, आणि गर्दीपासून वेगळा, मोकळा उभा असलेला ॲगर एका डाव्या फटक्यात तो चेंडू गोलात ठेवून परतला. पुढे पेनल्टीवर लिव्हरपूल जिंकले आणि अथेन्सच्या अंतिम सामन्यात मिलानकडून २-१ ने हरले. त्या मोसमात जेमी कॅरॅगरच्या डाव्या बाजूला खेळणारा ॲगर हा मी पाहिलेला सर्वांत डौलदार तरुण स्टॉपर होता, असे मी आजही म्हणेन. सामी हूपियासारख्या मातब्बर खेळाडूची जागा त्याने घेतली होती, आणि ती कोणाला खटकलीही नव्हती.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. ज्यांनी त्या वर्षांत लिव्हरपूलचा पाठपुरावा केला असेल, त्यांना ती ओळखीची वाटेल. प्रीमियर लीगचे शनिवारचे सामने आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला किंवा थंडीत साडेआठला सुरू होत, आणि तासभर आधी अकरा जणांची यादी जाहीर होई. त्या यादीत मी सर्वांत आधी ॲगरचे नाव शोधत असे आणि बऱ्याचदा ते नसे. २००७ च्या सप्टेंबरमध्ये पायाचे हाड मोडले आणि तो जवळपास सबंध मोसम गेला. मग पाठीचे दुखणे आले, पाठीवर शस्त्रक्रिया झाली. मग गुडघा, मग बरगड्या. २०१२ च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात कार्डिफविरुद्ध तो उतरला, संघ पेनल्टीवर जिंकला, आणि ॲगर मात्र बरगडीची दुखापत घेऊन बाहेर पडला. साडेआठ वर्षांत तो लिव्हरपूलसाठी २३२ सामने खेळला. हा संघ मोसमाला सर्व स्पर्धा मिळून ५० च्या वर सामने खेळत असे हे ध्यानात घेतले, तर हा आकडा जेमतेम निम्म्यावर येतो. यात त्याचा दोष काहीच नाही, हे मी आधीच स्पष्ट करतो. तरीही पाहणाऱ्याचा हिरमोड व्हायचा तो होतोच, आणि माझा तर तो इतक्या वेळा झाला की पुढे पुढे मी यादी पाहण्यापूर्वी चहा टाकायला स्वयंपाकघरात जाऊ लागलो, म्हणजे वाईट बातमी निदान कप हातात असताना कळे.

हा निव्वळ चाहत्याचा रुसवा असता तर निवडीत मी तो मोजला नसता. मुलांना दाखवण्यासाठी सामने निवडायला बसलो तेव्हा मात्र त्याचा खरा अर्थ कळला. मला सलग दहा सामने हवे होते. सलग अशासाठी की बचावपटूचे शिक्षण एका सामन्यात दिसत नाही: मागच्या आठवड्यात ज्या आघाडीपटूने त्याला पाठीमागून फसवले, त्याच प्रकारचा आघाडीपटू या आठवड्यात आला तर तो एक पाऊल आधी सरकतो का, शेजारचा जोडीदार बदलला तर तो दोघांमधले अंतर कसे ठेवतो, सलग तिसऱ्या सामन्यात पाय जड झाल्यावर तो कोणती धाव वाचवतो, हे सगळे ओळीने पाहिल्याशिवाय समजत नाही. ॲगरची २००६-०७ ची मालिका सोडली तर माझ्या संग्रहात असे सलग तुकडे लावणे मला फार जड गेले. तीन सामने सापडत, मग खंड. दोन सापडत, मग पुन्हा खंड. जे हाती लागे ते सुंदर असे, परंतु सुट्या मण्यांसारखे. माळ काही होत नसे.

त्यापुढची गोष्ट अधिक अवघड आहे आणि ती मी जपून लिहितो. २०१४ च्या ऑगस्टच्या अखेरीस ॲगर ब्रॉन्डबीला परतला आणि २०१६ च्या जूनमध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्याने खेळणे थांबवले. त्यानंतर त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितले की कारकिर्दीत आपण दाह कमी करणाऱ्या गोळ्या प्रमाणाबाहेर घेतल्या. २०१५ च्या मार्चमध्ये एफसी कोपनहेगनविरुद्धच्या सामन्यातून तो अर्ध्या तासाच्या आत बाहेर आला होता, त्यामागेही याच गोळ्या होत्या. त्याचे सांधे जन्मतःच गरजेपेक्षा अधिक सैल होते आणि शरीर या खेळाचा मार सहन करायला तयार नव्हते. हे वाचल्यावर मी जुने सामने पुन्हा पाहिले आणि पूर्वीसारखे निर्धास्तपणे पाहता आले नाहीत. ज्या शनिवारी यादीत त्याचे नाव दिसल्यावर मी खूश झालो होतो, त्यांतल्या किती शनिवारी तो गोळ्यांच्या आधाराने उभा होता, हा विचार पाठ सोडत नाही. पंधरा वर्षांच्या मुलापुढे हा नमुना ठेवताना मला ही बाजूही सांगावी लागली असती. मी ती सांगितलीच, पण नमुना म्हणून नव्हे, सावधगिरीची सूचना म्हणून.

केअरबद्दलचे माझे सुरुवातीचे मत, खरे सांगायचे तर, फारसे चांगले नव्हते. त्याचे नाव कसे उच्चारावे याविषयी समालोचकांचे एकमत नव्हते आणि तो कोणत्या क्लबचा आहे याविषयी माझे स्वतःशी एकमत नव्हते. होर्सेन्सचा हा मुलगा मिट्युलँड या डॅनिश क्लबच्या अकादमीत वाढला. तिथले एक प्रशिक्षक रास्मुस आंकर्सन यांनी सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे: केअरचे वडील क्लबमध्येच नोकरीला होते, एक जागा रिकामी होती म्हणून मुलाला घेतले, आणि काही महिन्यांनी यांपैकी कोण पुढे जाईल असे प्रशिक्षकांना लिहून द्यायला सांगितले तेव्हा एकाच्याही कागदावर केअरचे नाव नव्हते. आमच्या दोन स्टॉपरांपैकी धाकट्याला ही गोष्ट इतकी आवडली की ती मला तीनदा सांगावी लागली. मोठ्याला ती मुळीच आवडली नाही, कारण निवड समितीकडे पाहण्याची त्याची दृष्टी अजून निर्मळ आहे.

एकोणिसाव्या वर्षी पालेर्मो, तिथे दुसऱ्या मोसमात इटलीच्या लीगमध्ये पाचवा क्रमांक. मग वोल्फ्सबुर्ग, जिथे आल्या आल्या संघ पहिल्या श्रेणीतून खाली जाता जाता वाचला. मग उसनवारीवर रोमा. मग लील, फेनरबाचे, सेव्हिया, पुन्हा उसनवारीवर अटलांटा, आणि २०२० च्या जानेवारीत मिलान. मिट्युलँड धरून नऊ क्लब आणि सहा देश. हा मला सुरुवातीला मोठा दोष वाटला होता आणि निवड करणाऱ्या कोणालाही तो तसा वाटेल. ॲगरचा एक प्रशस्त वाडा आहे, केअरच्या मात्र भाड्याच्या खोल्यांची रांग. त्याला ओळीने पाहायचे तर दर दोन वर्षांनी नवी लीग, नवा प्रशिक्षक आणि नवे सहकारी समजून घ्यावे लागतात. हा व्याप सगळ्यांना परवडणार नाही, हे मी मान्य करतो.

त्यातले सगळेच सामने चांगले आहेत असेही नाही. रोमाकडून तो पहिल्यांदा त्याच शहरातल्या लाझिओविरुद्ध खेळला तो १६ ऑक्टोबर २०११ चा सामना मी मुद्दाम यादीत ठेवला आहे. संघ एका गोलने पुढे होता. उत्तरार्धाच्या सुरुवातीला केअरने गोलक्षेत्रात ब्रोक्कीला पाडले, पेनल्टी दिली, लाल कार्ड घेतले, बरोबरी झाली आणि भरपाईच्या वेळेत क्लोझेने सामना हिसकावून घेतला. बाविसाव्या वर्षी रोमसारख्या शहरात एवढी नामुष्की पुरेशी असते. पण त्या चुकीत शिकण्यासारखे फार आहे: तो आघाडीपटूच्या मागे राहिला आहे, हे त्याला उशिरा कळते, आणि उशिरा कळल्यावर तो हाताने व अंगाने ते भरून काढायला जातो. आमच्याकडचा प्रत्येक स्टॉपर महिन्यातून एकदा हेच करतो.

मग दोनच वर्षांनी लील पाहावे. २०१३-१४ च्या मोसमात रेने जिरार यांच्या संघाने फ्रान्सच्या लीगमध्ये तिसरा क्रमांक मिळवला, तो मुख्यतः गोल खाल्ले नाहीत म्हणून. गोलरक्षक व्हिन्सेंट एनियामाने लीगमध्ये ओळीने ११ सामने एकही गोल होऊ दिला नाही. त्याच्यापुढे केअर आणि मार्को बाशा ही जोडी असे. कौतुक एनियामाचे झाले आणि ते योग्यच होते. पण त्या सामन्यांतील बराच वेळ त्याच्याकडे चेंडू पोचतच नाही, हे सामना पूर्ण पाहिल्यावर लक्षात येते. रोमाच्या वेळचा केअर आघाडीपटूच्या मागे सापडत होता. लीलमधला केअर चेंडू निघण्यापूर्वीच एक हात आघाडीपटूच्या पाठीला टेकवून उभा असतो आणि मान सारखी वळवून दुसरीकडे पाहत असतो. ही मान वळवण्याची सवय मी मुलांना मोजायला सांगितली. एका सामन्याच्या पहिल्या दहा मिनिटांतच धाकट्याची बोटे संपली आणि त्याने भिंतीवर पेन्सिलीने रेघा ओढायला सुरुवात केली. त्याच्या आईचे मत त्यानंतर काही दिवस माझ्याविषयी वाईट होते.

यावर कोणी असे म्हणेल की ॲगरही मान वळवत असे. वळवत असेलच; परंतु ॲगरला पाहताना लक्ष त्याच्या डाव्या पायावर जाते, ही अडचण आहे. केअर वेगवान नाही आणि चेंडू घेऊन लांब पळत जाण्याचा त्याचा स्वभाव नाही. उजव्या पायाने मैदानाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या बाजूला टाकलेला लांब, तिरका पास सोडला तर त्याच्या खेळात डोळे दिपवणारे फारसे काही नसते. त्यामुळे पाहणाऱ्याला नाइलाजाने तो कुठे उभा आहे हेच पाहावे लागते, आणि स्टॉपरच्या बाबतीत पाहण्यासारखे तेच असते.

दोघांचा परिणाम मी माझ्याच मैदानावर पाहिला आहे, आणि हे काही मोजमाप नव्हे, पण मला ते पुरले. ॲगरचे चार सामने दाखवल्यावर मोठा मुलगा पुढच्या रविवारी चेंडू घेऊन मध्यरेषेपर्यंत गेला, तिथे तो गमावला, आणि उरलेला एकटा धाकटा दोघांच्या मध्ये सापडून गोल झाला. त्यापुढच्या रविवारी त्याने तेच केले आणि या वेळी पास जमला. तिसऱ्या रविवारी पुन्हा गोल. केअरचे सामने दाखवल्यानंतर पहिले दोन महिने काहीही फरक दिसला नाही. मग एके दिवशी माझ्या लक्षात आले की समोरच्या संघाच्या लांब पासवर आमचे दोघे आता पळत नाहीत, कारण ते आधीच मागे सरकलेले असतात. ज्याला चार आठवड्यांत स्पर्धा आहे, त्याने यातून काय घ्यावे हे त्याचे त्याने ठरवावे.

केअरच्या बाबतीत एक त्रास मलाही झाला आणि तो सांगायला हवा. त्याचे नाव घेतले की बोलणे १२ जून २०२१ वर जाऊन थांबते. युरो स्पर्धेत कोपनहेगनच्या पार्केन मैदानावर फिनलंडविरुद्ध पूर्वार्ध संपत आला असताना डेन्मार्कचाच क्रिस्तियान एरिक्सन हृदय बंद पडून कोसळला. केअर धावत गेला, त्याला कुशीवर वळवले, सहकाऱ्यांना बाहेर तोंड करून त्याच्याभोवती कडे करायला लावले, आणि मैदानात आलेल्या एरिक्सनच्या जोडीदाराला गोलरक्षक कास्पर श्मायकेलसह धीर दिला. आपल्याकडे तो शनिवारचा रात्रीचा सामना होता आणि माझ्या ओळखीच्या कित्येकांनी तो पाहिला होता. त्याबद्दल त्याला आणि वैद्यकीय पथकाला युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेच्या, अध्यक्षांचा पुरस्कार मिळाला, आणि वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूसाठीच्या बॅलन डी'ओरच्या मतदानात तो अठराव्या क्रमांकावर आला, जे बचावपटूसाठी थोडके नाही. हे सारे यथायोग्य आहे. परंतु त्याचा खेळ शोधायला गेलात तर तीच दहा मिनिटे शंभर ठिकाणी सापडतात आणि लीलचा एक पूर्ण सामना मिळवायला आठवडा जातो. माझ्या दृष्टीने त्या रात्रीची अधिक लक्षात राहिलेली गोष्ट नंतरची आहे: सामना पुन्हा सुरू झाल्यावर त्याने खेळून पाहिले, आपल्याला जमत नाही हे ओळखले, आणि ६३ व्या मिनिटाला जागा यानिक वेस्टरगार्डला देऊन तो बाहेर आला. ॲगरच्या गोळ्यांची हकीकत वाचलेल्या माणसाला बाहेर येण्याच्या या निर्णयाचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

दोघांच्या नावावर एकेक प्रसिद्ध स्वयंगोल आहे आणि तेही शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १४ जून २०१० ला विश्वचषकात जोहान्सबर्गमध्ये हॉलंडविरुद्ध उत्तरार्ध सुरू होताच सिमोन पोल्सेनने गोलसमोर डोक्याने चेंडू बाहेर काढायचा प्रयत्न केला, तो ॲगरच्या पाठीवर आदळला आणि खांबाला लागून आत गेला; नोंद ॲगरच्या नावावर झाली. त्याने काही केलेच नव्हते. उलट ७ जुलै २०२१ ला वेम्ब्लीवर इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात साकाने गोलसमोर चेंडू सरकवला तेव्हा मागे स्टर्लिंग उभा होता. केअरने पाय घातला नसता तर स्टर्लिंगने तो आत ढकललाच असता, पाय घातला म्हणून चेंडू आत गेला. हा प्रसंग मी मुलांना सात-आठ वेळा दाखवला आणि त्याने काय करायला हवे होते असे विचारले. पुष्कळ वादावादी झाली. शेवटी मोठ्यानेच कबूल केले की पाय घालावाच लागतो. डेन्मार्क तो सामना जादा वेळेत २-१ ने हरला.

केअरचीही दुखापतीपासून सुटका झाली नाही, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. १ डिसेंबर २०२१ ला जेनोआविरुद्ध सुरुवातीच्याच मिनिटांत त्याच्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले, आणि त्या मोसमात मिलानने ११ वर्षांनी लीग जिंकली तेव्हा तो खेळू शकत नव्हता. शेवटचा टप्पा टोमोरी आणि कालुलू यांनी सांभाळला. तो परतला, पण पूर्वीचा राहिला नाही. २०२४ मध्ये त्याने मिलान सोडले आणि २०२५ च्या जानेवारीत निवृत्ती जाहीर केली. तोपर्यंत डेन्मार्कसाठी त्याचे १३२ सामने झाले होते. त्या देशाच्या पुरुषांच्या संघात याहून अधिक फक्त एरिक्सन खेळला आहे, जुना गोलरक्षक पीटर श्मायकेलही नाही. ॲगरचे ७५ आहेत. माझ्या यादीच्या त्रासाचे उत्तर या दोन आकड्यांत मिळते: देशाचा सामना असला की केअरचे नाव शोधावे लागत नसे.

तरीही ॲगरची निवड करणाऱ्याला मी चुकीचा म्हणणार नाही. तुमचा मुलगा डावखुरा असेल, त्याच्या पायात चेंडू शांत राहत असेल आणि त्याला मागून खेळ उभारण्याची मोकळीक देणारा प्रशिक्षक लाभला असेल, तर केअर पाहून त्याला कंटाळा येईल आणि तो आलेला बरा. एकाच क्लबवर जीव लावणे ज्यांना महत्त्वाचे वाटते, त्यांच्यासाठीही ॲगरच योग्य आहे. २०१२ मध्ये मोठ्या क्लबाची मागणी असल्याची चर्चा चालू असताना त्याने लिव्हरपूलशी नवा करार केला आणि क्लबच्या घोषवाक्याची चार आद्याक्षरे उजव्या हाताच्या बोटांवर गोंदवून घेतली. गोंदणे हा त्याचा आवडीचा विषयच होता, तो स्वतः गोंदायला शिकला होता. मुलांना हे मी सांगितले नाही. त्यांच्या घरच्यांशी माझे संबंध भिंतीवरील रेघांनंतर आधीच नाजूक झाले होते.

ज्यांना अजून ठरवता येत नसेल, त्यांनी दोघांच्या मोठ्या याद्या करण्यापूर्वी ९ जून २०१२ चा खारकिव्हमधला युरो स्पर्धेचा सामना काढावा. डेन्मार्कने हॉलंडला १-० ने हरवले, क्रोन-डेलीने पूर्वार्धात गोल केला, आणि उरलेला तासभर व्हॅन पर्सी, रोबेन, स्नायडर आणि नंतर हुंटेलार यांना थोपवण्यात गेला. मध्ये डावीकडे कर्णधार ॲगर आहे, उजवीकडे केअर. सामना दोनदा पाहावा आणि प्रत्येक वेळी एकाकडेच लक्ष ठेवावे, चेंडू कुठेही असो. आमच्या दोघांना मी कोणाकडे पाहायचे हे सांगितले नव्हते. पहिल्या वेळी दोघांनीही ॲगरच पाहिला, आणि माझेही लक्ष तिकडेच गेले. दुसऱ्या वेळी केअरला पाहताना विसाव्या मिनिटाच्या आसपास धाकट्याने सामना थांबवला, चित्र थोडे मागे नेले, आणि व्हॅन पर्सी जिथे पोचणार होता तिथे केअर आधीपासून कशासाठी उभा आहे, असे विचारले. त्या रात्री आम्ही सामना पुढे नेलाच नाही.